‘आम्ही’ आणि ‘आपण’ : स्थलांतरितांच्या कादंबरीतील भाषेचा प्रश्न

१

मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनी सर्वनामे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावून घेतला जातो. ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली बदलापूरचा जो सांगोपांग अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्या नावात ‘आमचा गाव’ असे शब्द योजिले. ‘आपला गाव’ म्हटले असते तर ते पुस्तक गावकऱ्यांशी बोलू लागले असते. ‘आमचा’ म्हटल्याने ते बाहेरच्या वाचकाकडे तोंड करून उभे राहिले. एका सर्वनामाने ग्रंथाचा श्रोता ठरतो, तो असा.

परक्या शहरात वस्तीस आलेल्या कुटुंबाच्या कादंबरीचे परीक्षण करताना आपण बहुधा चालीरीतींचे चित्रण कितपत खरे आहे आणि हालअपेष्टांचे वर्णन कितपत हृदयस्पर्शी आहे, एवढेच पाहतो. या दोन्ही प्रश्नांच्या अगोदर एक प्रश्न विचारावयास हवा : ही कादंबरी ‘आम्ही’ची आहे की ‘आपण’ची? एक चिनी लेखकाची इंग्रजी कादंबरी आणि आपल्या शेजारच्या उल्हासनगरशी निगडित असलेले सिंधी कथावाङ्मय एकापुढे एक ठेवून या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच येथे हेतू आहे.

२

लिन युटांग (१८९५–१९७६) यांची ‘चायनाटाउन फॅमिली’ ही कादंबरी १९४८ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. लेखक स्वतः भाषाशास्त्रज्ञ होते. प्राचीन चिनी ध्वनिविचारावरील प्रबंधाला लाइपझिग विद्यापीठाने १९२३ साली त्यांना डॉक्टरेट दिली होती. कथानक सरळ आहे. न्यूयॉर्कमध्ये धुलाईचे दुकान चालविणाऱ्या बापाकडे त्याची बायको आणि धाकटी मुले टॉम व इव्हा बऱ्याच वर्षांच्या ताटातुटीनंतर येऊन पोहोचतात. थोरला मुलगा लॉय दुकानात राबतो आणि फ्लोरा या इटालियन वंशाच्या कॅथलिक मुलीशी संसार करतो. दुसरा, फ्रेडरिक, विम्याचा एजंट होऊन अमेरिकन थाटात वावरतो. पुढे बाप अपघातात मरण पावतो आणि कुटुंब आपल्या मनातील खानावळ चायनाटाउनमध्ये सुरू करते. टॉम शिकतो, आणि चीनमधून आलेल्या एल्सी या शिक्षिकेवर त्याचे प्रेम बसते.

भाषेच्या दृष्टीने या कादंबरीत एक गोष्ट फार चांगली साधली आहे. लॉय आणि फ्रेडरिक यांना घरात ‘दाइको’ आणि ‘यीको’ म्हणतात, म्हणजे थोरला दादा आणि दुसरा दादा. बाहेरच्या जगात फ्रेडरिक आपल्या नावाची कितीही सजावट करो, उंबरठ्याच्या आत तो क्रमाने दुसरा भाऊच असतो. नात्याचा शब्द हा केवळ संबोधन नसून घरातील स्थानाचा पत्ता असतो, हे येथे कोणत्याही भाष्यावाचून कळते.

परंतु कादंबरीची मर्यादाही भाषेतच आहे. सासू चिनी, सून इटालियन घराण्यातली. या दोघींचा जिव्हाळा हा कादंबरीतील सर्वांत हृद्य भाग म्हणावयास हरकत नाही. मात्र आईची कँटनी, फ्लोराची अमेरिकन बोली आणि एल्सीची मँडरिन या सर्व वाचकासमोर अखेर लेखकाच्या इंग्रजीतूनच येतात. समान भाषा नसताना दोन बायका एका स्वयंपाकघरात एकमेकींना कशा समजल्या, हा या नात्याचा खरा पराक्रम. पण भिंतच दिसली नाही, तर ती ओलांडल्याचे मोल वाचकाला कसे कळावे?

याचे कारण लेखकाच्या कौशल्याच्या उणिवेत शोधणे योग्य होणार नाही. ते कादंबरीच्या श्रोत्यात आहे. अमेरिकेत चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने बंदी होती. ही बंदी १९४३ मध्ये उठली आणि पाचच वर्षांनी ही कादंबरी आली. यजमानाने दार नुकते किलकिले केलेले असताना पाहुण्याने आपले घर नीटनेटके, कष्टाळू आणि कृतज्ञ असल्याचे दाखवावे, हे स्वाभाविक आहे. पुढच्या पिढीतील चिनी-अमेरिकन समीक्षकांनी या कादंबरीवर गोडगोडपणाचा जो आरोप केला, त्याचे मूळ मला येथे दिसते. ही संपूर्ण कादंबरी ‘आम्ही’ची आहे. आम्ही असे जेवतो, आम्ही वडिलांना असा मान देतो, आम्ही धोकादायक नाही, असे ती सांगत राहते. दैवयोग असा, की लेखक ज्या फूच्येन प्रांतातून आले, तेथील बोलीत मराठीप्रमाणेच ही दोन सर्वनामे वेगळी आहेत : ‘ग्वान’ म्हणजे आम्ही आणि ‘लान’ म्हणजे आपण. ज्या इंग्रजीत त्यांनी लिहिले, तिच्यात हा भेदच नाही. तेव्हा सर्वनामातून पुसला गेलेला भेद निवेदनाच्या पवित्र्यातून प्रकट झाला आहे.

३

आता आपल्या दाराशी येऊ. बदलापूरहून कल्याणकडे जाणारी गाडी अंबरनाथनंतर उल्हासनगर येथे थांबते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. नाव उल्हास नदीवरून पडले, तरी लोकांच्या तोंडी आजही ‘कॅम्प नंबर’ आहेतच. या शहराविषयी मराठी माणसाला जे एक वाक्य हमखास ठाऊक असते, ते म्हणजे मालावरील ‘यूएसए’ या अक्षरांवरचा विनोद. त्यापलीकडे त्या घरांत काय बोलले जाते, याची चौकशी आपण क्वचितच केली.

ते बोलणे सिंधी वाङ्मयात मात्र नोंदले गेले आहे. सुंदरी उत्तमचंदाणी यांची ‘किरंदड दीवारूं’, म्हणजे ‘कोसळत्या भिंती’, ही पहिली कादंबरी १९५३ साली आली. सिंधी समीक्षेने तिचे स्वागत केले, ते विशेषतः गृहिणींच्या घरगुती, म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेल्या बोलीला तिने कादंबरीत जागा दिली म्हणून. मोहन कल्पना हे तर उल्हासनगरचेच रहिवासी. ‘उहा शाम’ या त्यांच्या कादंबरीला १९८४ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. या लेखकांसमोर यजमान नव्हता. ज्यांनी तेच घर सोडले आणि तीच गाडी पकडली, असा वाचक होता. म्हणून हे वाङ्मय ‘आपण’चे आहे. चुलीजवळची म्हण कोणाला समजावून सांगण्याची गरज तेथे लेखिकेला पडत नाही.

परंतु ‘आपण’लाही किंमत मोजावी लागते. १८५३ साली निश्चित झालेली सिंधीची अरबी वळणाची लिपी बावन्न अक्षरांची आहे. फाळणीनंतर देवनागरीचा पुरस्कार झाला, वाद माजला आणि दोन्ही लिप्या चालू राहिल्या. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण अनुसूचीत स्थान मिळाल्याने घरातील मुलाला आजीचे पुस्तक वाचता येतेच असे नाही. माझ्या वर्गातील उल्हासनगरच्या एका विद्यार्थिनीने आजीच्या कपाटातील एक कादंबरी मला दाखविण्यासाठी आणली. ती सिंधी बोलत होती. पुस्तक सिंधीत होते. पण लिपी तिला येत नव्हती. आजी हयात नव्हती. मुखपृष्ठावरील नावदेखील आम्हां दोघांनाही लागले नाही. ज्या ‘आपण’साठी ते पुस्तक लिहिले गेले, त्यात नात बसत नव्हती.

४

येथे अनुवादाचा प्रश्न उभा राहतो आणि तो शेजाऱ्यावर येऊन पडतो. मराठी अनुवादकाने येथे लिन युटांग यांचा मार्ग धरला, पानोपानी खुलासे केले, तर ‘आपण’ची कादंबरी ‘आम्ही’ची होऊन बसेल. मला वाटते, शेजारच्या भाषेला ती टाळणे शक्य आहे. सिंधीतील ‘दादा’ हा मराठीतल्याप्रमाणे थोरला भाऊच आहे, हिंदीतला आजोबा नव्हे. आजोबांसाठी सिंधीत ‘ॾाॾो’ आहे. त्यातील ‘ॾ’ हा श्वास आत ओढून उच्चारावयाचा ध्वनी मराठीत नाही. म्हणून अक्षराखालची रेघ अनुवादकाने गाळू नये. बहिणीला हाक मारतानाचे ‘अदी’ तसेच ठेवावे; संदर्भाने ते दुसऱ्याच पानावर कळते. थदडीच्या दिवशी चूल न पेटविता आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात, यासाठी शीतळासप्तमी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तळटीप कशाला हवी? अमेरिकन वाचकापाशी जे सांगावेच लागले असते, ते येथे निम्मे आधीच सामाईक आहे.

म्हणून या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे मी एक काम ठेवू इच्छितो. प्रबंधिकेसाठी दूरचे विषय शोधण्यापूर्वी त्यांनी दोन स्थानके पलीकडे उतरावे. अरबी लिपी वाचू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून एखादी कादंबरी वाचून घ्यावी, ध्वनिमुद्रित करावी आणि देवनागरीत उतरवावी. चापेकरांनी बदलापूरसाठी जे केले, ते शेजारच्या गावासाठी करण्याची ही वेळ आहे. फरक इतकाच, की या वेळी नाव देताना ‘आमचा’ हा शब्द पुरेसा होणार नाही.