सोळा वर्षांचा हक्क

शाळेच्या प्रवेश अर्जात एक रकाना असतो. पालकाचे नाव लिहून झाले की त्यापुढे 'विद्यार्थ्याशी नाते' असे छापलेले असते. वडील, आई, काका, मामा, आजोबा यांपैकी काहीतरी तिथे लिहायचे. काही वर्षांपूर्वी लेथवर काम करणारे एक गृहस्थ एका मुलाला आठवीत घालण्यासाठी माझ्याकडे आले. अर्ज नीटनेटका भरलेला होता. फक्त हा रकाना कोरा होता. मी विचारले, "नाते काय लिहू?" ते म्हणाले, "सर, शेजारच्या खोलीतलं पोर. आई गेली, बाप कुठं गेला पत्ता नाही. तीन वर्षांचा होता तेव्हापासून आमच्याकडंच आहे." मी पुन्हा विचारले, "ते झाले हो, पण नाते काय?" ते गप्प उभे राहिले. शेवटी मी रकान्यात 'इतर' असे लिहिले आणि खाली सही केली. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही.

यंदा उन्हाळ्यात आमच्या वाचनालयाच्या मासिक चर्चेसाठी जॉर्ज इलियट यांची 'सायलस मार्नर' ही कादंबरी निवडली गेली आणि तो रकाना मला पुन्हा आठवला. एम. ए. च्या वर्गात असताना ही कादंबरी मी परीक्षेपुरती वाचली होती. सोने गेले, त्याच्या जागी सोनेरी केसांची मुलगी आली, सद्गुणाचे फळ मिळाले, एवढाच सारांश उत्तरपत्रिकेत लिहून मोकळा झालो होतो. चर्चेला पंचवीसएक मंडळी होती. काहींनी मूळ इंग्रजी वाचली होती, काहींनी संक्षिप्त आवृत्ती. उरलेल्यांना कथानक मी मराठीत सांगितले. तासाभराची चर्चा अडीच तास चालली, आणि घरी परतताना माझ्या लक्षात आले की परीक्षेत पास झालो तरी कादंबरी मला कळली नव्हती.

जॉर्ज इलियट हे टोपणनाव. लेखिकेचे खरे नाव मेरी ॲन इव्हान्स (१८१९–१८८०). १८६१ च्या एप्रिलमध्ये ब्लॅकवुड यांनी ही छोटेखानी कादंबरी प्रसिद्ध केली. हिंदी वाचकांना ती 'सुखदास' या नावाने प्रेमचंदांनी करून दिलेल्या रूपांतरामुळे परिचित आहे. नायक विणकर आहे. शहापूर-वडगावच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

कथा थोडक्यात अशी. उत्तरेकडील एका औद्योगिक शहरात लँटर्न यार्ड या गल्लीत एक लहानसा धर्मपंथ आहे. सायलस त्यातला निष्ठावान तरुण. जिवलग मित्रच त्याच्यावर चोरीचा आळ आणतो, पंथाचे लोक चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेतात आणि कौल सायलसच्या विरुद्ध जातो. वाग्दत्त वधू त्याला सोडून त्याच मित्राशी लग्न करते. देव आणि माणूस या दोहोंवरचा विश्वास गमावून सायलस दूर रॅव्हलो नावाच्या खेड्यात येतो. पंधरा वर्षे तो विणतो आणि रात्री मोहरा मोजतो. एके रात्री त्या मोहरा चोरीला जातात. पुढे वर्षाच्या शेवटच्या रात्री, बर्फ पडत असताना, अफूच्या व्यसनाने खंगलेली एक स्त्री त्याच्या झोपडीजवळ मरून पडते आणि तिची लहानगी मुलगी उघड्या दारातून उजेडाकडे चालत आत येते. सायलसला मधूनमधून भान हरपण्याचा विकार आहे. भानावर आल्यावर चुलीपुढे त्याला काहीतरी सोनेरी दिसते. आपल्या मोहरा परत आल्या असे वाटून तो हात पुढे करतो, तर हाताला मऊ केस लागतात. आपल्या आईचे आणि मेलेल्या धाकट्या बहिणीचे हेफझिबा हे नाव तो त्या मुलीला देतो. ती एपी.

मुलीचा बाप गावातच आहे. जमीनदाराचा थोरला मुलगा गॉडफ्री कॅस याने त्या स्त्रीशी चोरून लग्न केलेले असते. त्या रात्री तो झोपडीत येतो, मेलेल्या बायकोला ओळखतो आणि गप्प राहतो. कारण आता नॅन्सीशी लग्न करायला वाट मोकळी झालेली असते. सोळा वर्षांनी, संसार निपुत्रिक राहिल्यावर, तो एपीला मागायला येतो. एपी जायला नकार देते.

या नकारावरच आमच्या चर्चेत मंडळींचे तट पडले.

पोस्टातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "चुकला असेल बाप, पण बाप तो बापच. रक्त कुठं जातं का?" त्यांचे म्हणणे असे की गॉडफ्रीने कबुली दिली, बायकोसमोर मान खाली घातली, अशा माणसाला लेखिकेने रिकाम्या हाताने परत पाठवणे निष्ठुरपणाचे आहे. त्यावर एका वकील सभासदांनी वेगळाच मुद्दा काढला. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा १९२६ साली झाला. म्हणजे सायलसच्या काळी त्याच्या हातात कागदाचा एक तुकडाही नव्हता. गॉडफ्री कोर्टात गेला असता तर निकाल बहुधा त्याच्याच बाजूने लागला असता. आपल्याकडे दत्तकाची चाल जुनी, १९५६ च्या कायद्याने ती नव्याने बांधली. पण तीही मुख्यतः घराणे चालावे, पिंडाला कोणी असावे यासाठी. दारात आलेले पोर म्हणून वाढवले, याला काय म्हणायचे ते कायद्याला सुचत नाही, असे ते हसत म्हणाले. मला माझे 'इतर' आठवले. मी हसलो नाही.

बालवाडी चालवणाऱ्या एका बाईंचे मत मला सर्वांत मोलाचे वाटले. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे शेवटच्या भांडणावर बोलताय. मला कोळशाच्या खोपटाचा प्रसंग आवडला." तो प्रसंग असा. कामात असताना पोर बाहेर जाऊ नये म्हणून सायलस तिला कापडाच्या लांब पट्टीने मागाला बांधून ठेवतो. ती कात्री पळवते, पट्टी कापते आणि निसटते. तो घाबराघुबरा शोधत सुटतो, पाण्याच्या डबक्याशी ती सापडते. शिक्षा केली पाहिजे असे डॉली विन्थ्रॉप या शेजारणीने सांगितलेले असते, म्हणून जड मनाने तो तिला कोळशाच्या अंधाऱ्या खणात घालतो. क्षणात बाहेर काढतो, धुतो, पुसतो, कपडे बदलतो. वळून पाहतो तो पोर हौसेने पुन्हा कोळशात जाऊन बसलेले. बाई म्हणाल्या, "ज्यानं मूल वाढवलंय त्यालाच हे माहीत असतं. लेखिकेला स्वतःचं मूल नव्हतं, तरी तिला हे ठाऊक होतं."

एकदा हे पटले की शेवटच्या प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. गॉडफ्री येतो तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी असतात: रक्त आणि पैसा. सायलसजवळ असतात ती अंगावर काढलेली सोळा वर्षे. हे तू सोळा वर्षांपूर्वी का बोलला नाहीस, असा त्याचा सवाल आहे. त्याला उत्तर नाही आणि गॉडफ्रीलाही ते कळते. काही ऋणे अशी असतात की पैशाने फिटत नाहीत, कारण ती फेडण्याची वेळ निघून गेलेली असते. लेखिका मात्र इथेच थांबत नाही. सायलसला स्वतःचीच शंका येते: आपण मुलीच्या भल्याच्या आड तर येत नाही ना? तो निवड तिच्यावर सोपवतो. हक्क सांगण्याच्या क्षणी हक्क सोडण्याची त्याची ही तयारी त्याला बाप ठरवते. नॅन्सीने कायद्याच्या बापाचे कर्तव्य बोलून दाखवले तरी एपी डगमगत नाही.

महाभारत वाचलेल्या मराठी माणसाला इथे उद्योगपर्व आठवल्यावाचून राहणार नाही. कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण काय सांगतो? अधिरथाने मला घरी नेले, राधेने माझे मलमूत्र काढले, त्यांनी माझे नाव ठेवले, लग्ने करून दिली. त्यांचा पिंड मी कसा तोडू? हा युक्तिवाद म्हणजे केलेल्या कामांची यादी आहे. चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, म्हणजे आपल्याच मुलखातले रणजित देसाई यांनी कर्णावरची कादंबरी लिहिली (१९७३), तेव्हा शीर्षकासाठी 'कौंतेय' हे नाव न घेता 'राधेय' घेतले. हे शीर्षक म्हणजेच एक निवाडा आहे. फरक एवढाच की कर्णाला त्या नात्याची किंमत प्राणांनी द्यावी लागली. एपीला झोपडीपुढे एक बाग मिळते. महाकाव्यात आणि गावकीच्या गोष्टीत एवढे अंतर राहणारच.

चर्चेत एक कन्नडभाषक प्राध्यापक होते. मराठी उत्तम बोलतात. ते म्हणाले, "तुम्ही 'मानलेला भाऊ', 'मानलेली मुलगी' म्हणता. आमच्यात 'साकु मगळु' म्हणतात, सांभाळून वाढवलेली मुलगी. आणि 'साकु' म्हणजे 'पुरे' असाही अर्थ आहे." सभेत हशा पिकला, पण मला ते फार मार्मिक वाटले. आपला शब्द 'मानण्या'वर उभा आहे, त्यांचा 'वाढवण्या'वर. मानायला मन पुरते. वाढवायला रात्रीची जागरणे लागतात. आपल्याकडे 'पोसणे' आहे, पण 'पोसलेला' हा शब्द आपण बहुधा टोमण्यासाठी राखून ठेवतो. सायलस आणि एपी यांचे नाते मानलेले म्हणता येणार नाही. ते केलेले नाते आहे.

म्हणूनच 'अनाथ मुलगी, कृपण म्हातारा, शेवट गोड' अशी तिची बोळवण करणारे मत मला पटत नाही. आमच्यातही एका तरुण वाचकाने योगायोगांवर बोट ठेवले. मोहरा जातात आणि मुलगी येते. सोळा वर्षांनी खाण आटते आणि चोराच्या सांगाड्याशेजारी मोहराही सापडतात. हा आक्षेप खोटा नाही. ही नीतिकथा आहे आणि नीतिकथेला योगायोग चालतात, असे समर्थन करता येईल. लीव्हिससारख्या कठोर समीक्षकानेही तिला छोटेखानी का होईना पण श्रेष्ठ कृती मानले आहे. तरी माझ्या मते मोहरा परत मिळाल्या नसत्या तर कादंबरी अधिक खरी झाली असती. मोठी झालेली एपीही जरा जास्तच गोड आहे. कोळशात बसणाऱ्या पोरीचा खट्याळपणा तिच्यात कुठे उरला नाही.

मात्र योगायोगाने मूल दारात येते, घर योगायोगाने होत नाही, हे लेखिकेने नेमके दाखवले आहे. डॉलीने जुने कपडे आणले नसते, अंघोळ घालायला शिकवले नसते, बाप्तिस्म्यासाठी आग्रह धरला नसता, तर एकट्या सायलसच्याने काय होणार होते? मुलीला कडेवर घेऊन तो कापड पोचवायला दारोदार जातो आणि पंधरा वर्षे ज्याला गाव बिचकत होते त्याला लोक बसायला सांगू लागतात. प्रकाशक ब्लॅकवुड हे या कथेचे एक पहिले वाचक. सुरुवातीची पाने त्यांना फार उदास वाटली. त्यावर लेखिकेने कळवले की निर्मळ, स्वाभाविक मानवी संबंध माणसाला कसे बरे करतात तेच आपल्याला दाखवायचे आहे. 'बरे करणे' हा दृष्टिकोन महत्त्वाचा आहे. जुने दुखणे नव्हतेच, असे ती कुठेही म्हणत नाही.

याचा पुरावा म्हणजे शेवटाकडचे एक लहान प्रकरण. आमच्या चर्चेत त्याचा उल्लेख दहावीतल्या एका विद्यार्थिनीने केला. सायलस एपीला घेऊन लँटर्न यार्डला जातो. आपला निर्दोषपणा आता तरी सिद्ध झाला का, हे त्याला विचारायचे असते. तिथे गल्लीच नाही. मोठा कारखाना उभा आहे आणि दुपारच्या सुट्टीत माणसे भराभर बाहेर पडत आहेत. विचारायला कोणी उरलेले नाही. ती मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे त्याला न्याय मिळालाच नाही. तरी तो घरी परत आला." मी म्हटले, "हो. कारण परत जायला घर होते."

नव्याने सुरुवात करण्याच्या गोष्टींत बहुधा जुने हिशेब मिटवून दाखवतात. इथे हिशेब उघडाच राहतो. एपीची आईही विसरली जात नाही. तिची अंगठी सायलसने जपून ठेवलेली असते आणि ज्या झुडपाशी ती मरून पडली ते एपी आपल्या बागेत आणून लावते. मागचे पुसून टाकून घर उभे करता येते, असे ही कादंबरी सांगत नाही. ते मागचे बरोबर घेऊनच उभे करावे लागते.

सभा संपल्यावर पोस्टातले ते गृहस्थ माझ्याजवळ आले. म्हणाले, "मास्तर, माझं मत बदललं नाही. पण पोरीनं बरोबर केलं." त्यांच्या या वाक्यातला विरोध मी सोडवायला गेलो नाही. चांगली कादंबरी वाचकाचे मत बदलते असे नाही. मताच्या शेजारी ती आणखी एक गोष्ट आणून ठेवते.

तो मुलगा दहावी होऊन केव्हाच शाळेतून गेला. शाळेच्या दप्तरात माझ्या अक्षरातले ते 'इतर' अजून आहे; कागदावर आता खाडाखोड करता येत नाही. मात्र यंदा जूनमध्ये एक आजी शेजारणीच्या मुलीला घेऊन आल्या आणि त्या रकान्यापाशी अडखळल्या, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारले, "बाई, हिला तुम्ही वाढवलं ना?" त्या म्हणाल्या, "हो." मी रकान्यात लिहिले: 'वाढविणाऱ्या'.