ध्वनीचे कण आणि कलेची जबाबदारी

स्वर म्हटला म्हणजे आपण तो अखंड मानतों. तंबोरा चांगला मिळून आला आणि त्याचा नाद दालनांत भरून राहिला, म्हणजे त्यांत कोठें सांधा असेल अशी शंकाही श्रोत्याच्या मनास शिवत नाहीं. वास्तविक तो नाद चार तारांवरील सुट्या आघातांचा बनलेला असतो. एक आघात विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर येऊन मिळतो, आणि जवारीच्या गुणानें मधली फट झांकली जाते. तबल्यावरील रेल्याचेंही असेंच आहे. लय विलंबित असतां बोल एकेक करून मोजतां येतात. ती चढत गेली कीं मोजणारा हरतो आणि कानावर बोलांच्या ऐवजीं एक सलग झोत येऊं लागतो. तुटक वस्तूंपासून अखंडाचा भास उत्पन्न होणें हा संगीतांतला नवा चमत्कार नव्हे.

आमच्याकडील न्यायवैशेषिकांनीं तर शब्द हा स्वभावतःच क्षणिक मानला होता. एक शब्द उत्पन्न होतो, तो दुसऱ्यास जन्म देऊन नष्ट होतो, आणि वीचीतरंगन्यायानें किंवा कदंबमुकुलन्यायानें ही परंपरा कानापर्यंत येऊन पोंचते, असें त्यांचें म्हणणें. शब्द नित्य मानणाऱ्या मीमांसकांशीं त्यांनीं या प्रश्नावर दीर्घ वाद घातला. यावरून प्राचीनांस आजचीं यंत्रें ठाऊक होतीं असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तसला अभिमान पोकळ असतो. ध्वनि अखंड कीं कणमय, हा प्रश्न आमच्या वाचकांस अगदींच परका वाटूं नये, एवढ्यासाठींच हें स्मरण दिलें.

प्रस्तुत लेखांत ज्या कलेचा विचार करावयाचा आहे तिला ध्वनिकणांची कला म्हणतां येईल. पश्चिमेकडे तिला ग्रॅन्युलर पद्धति असें नांव आहे. हिचें बीज गाण्याच्या बैठकींत रुजलें नसून पदार्थविज्ञानांत रुजलें. हंगेरींत जन्मलेल्या व इंग्लंडांत काम करणाऱ्या डेनिस गाबोर या शास्त्रज्ञानें १९४६ व १९४७ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, कोणताही ध्वनि हा काल आणि कंपसंख्या यांनीं मर्यादित अशा सूक्ष्म कणांचा समुच्चय मानतां येतो. याच गाबोरला पुढें १९७१ सालीं होलोग्राफीच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. या विचारास संगीतांत आणण्याचें श्रेय यानिस झेनाकिस या ग्रीक वंशाच्या रचनाकाराकडे जातें. १९५८ सालच्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनांत फिलिप्स कंपनीच्या मंडपांत वाजलेली त्याची 'काँक्रे पीएच' ही रचना जळत्या कोळशाच्या तडतडण्यापासून घडलेली आहे. ध्वनिफितीचे लहान लहान तुकडे कापून व जोडून, थरावर थर चढवून त्यानें ती सिद्ध केली. पुढें अमेरिकेंत कर्टिस रोड्स यानें १९७४ सालापासून हेंच काम संगणकाकडून करविण्यास आरंभ केला. परंतु त्या काळीं रचना लिहून यंत्राच्या स्वाधीन करावी आणि तिचा ध्वनि पुढें केव्हां तरी ऐकावा अशी स्थिति होती. गवयानें आज तान मारावी आणि ती त्याला परवां ऐकूं यावी, असाच हा प्रकार होय.

ही अडचण दूर झाली तो प्रसंग म्हणजे कॅनडांतील बॅरी ट्रूॲक्स याची १९८६ सालची 'रिव्हररन' ही रचना. डीएमएक्स-१००० नांवाच्या ध्वनिगणक यंत्राच्या साह्यानें त्यानें असें साधलें कीं, हात फिरतो त्याच क्षणीं कणांचा लोट बदलतो आणि बदललेला कानावर येतो. हें साधण्यांत काय अवघड आहे, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एक कण म्हणजे साधारणतः एक ते शंभर मिलिसेकंदांचा ध्वनीचा तुकडा. तो तसाच कापून ठेवला तर कडांशीं टकटक ऐकूं येते. म्हणून प्रत्येक कण शून्यांतून हळूच चढवून पुन्हां शून्याकडे उतरवावा लागतो. आजच्या प्रचलित मापाप्रमाणें ध्वनीच्या एका सेकंदाचे ४४,१०० नमुने घेतले, तर ५० मिलिसेकंदांच्या एका कणांत २,२०५ नमुने येतात. असे वीस कण एकमेकांवर पडत असतील, तर यंत्रास सेकंदाला निदान आठ लाख ब्याऐंशी हजार वेळां गुणाकार करून बेरीज मांडावी लागते, आणि तीही न चुकतां. हिशेब किंचित् मागें पडला कीं नाद तुटलाच. त्यासाठीं तेव्हां खास यंत्र लागे. आज तें काम कोणाही विद्यार्थ्याचा संगणक सहज करतो.

'रिव्हररन'विषयीं आमचें मत मोकळेपणानें सांगतों. सुमारें वीस मिनिटांच्या या रचनेंत खऱ्या नदीचा एकही थेंब नाहीं. सारे कण यंत्रांतच निर्माण झालेले आहेत. आरंभीं ते विरळ व सुटे पडतात, जणूं पागोळ्या गळत आहेत. मग त्यांची गर्दी होते, ओघळ होतात, आणि पाहतां पाहतां एक प्रचंड प्रवाह श्रोत्यास वेढून टाकतो. हें वर्णन ऐकून कोणी म्हणेल कीं, ही तर नकलच झाली. पण तसें नाहीं. नक्कल करणारा नदीचा आवाज आणून दाखवितो. येथें नदी होण्याची क्रिया दाखविली आहे. सुटे थेंब मोजतां मोजतां कोणत्या क्षणीं आपण मोजणें सोडलें, हें श्रोत्यास सांगतां येत नाहीं, आणि याच जागीं या कृतीचें काव्य आहे. दोष काढावयाचाच तर मध्यंतरीं प्रवाह एकसारखा दाट राहतो त्या भागाचा काढावा लागेल. तेथें कान शिणतो आणि विस्तार असूनही वाढ जाणवत नाहीं. तथापि १९९१ सालीं फ्रान्समधील बूर्ज येथील स्पर्धेंत या रचनेचा मोठा गौरव झाला, तो अस्थानीं होता असें आम्हांस वाटत नाहीं.

येथपर्यंत स्तुति झाली. परंतु जी वस्तु ट्रूॲक्सनें कष्टानें मिळविली ती आज तयार सामानासारखी हातीं येते, आणि खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. सुपरकोलायडर, मॅक्स, रिॲक्टर अशा प्रणालींत कणयंत्रें स्वतः रचतां येतात. ॲबलटन लाइव्हमध्यें रॉबर्ट हेंके यानें तयार केलेलें ग्रॅन्युलेटर नांवाचें साधन आयतें मिळतें. त्यांत कोणताही ध्वनि टाकावा, कण कोठून उचलावा, तो केवढा असावा, किती विखुरला जावा हें चार कळा फिरवून ठरवावें, आणि हातांखालून मेघासारखा एक तरंगता नाद निघूं लागतो. आमची तक्रार या यंत्रांविरुद्ध नाहीं. तीं उत्तम आहेत, आणि त्यांचे कर्ते आदरास पात्र आहेत. तक्रार आहे ती अशी कीं, तो नाद फार लवकर गोड होतो. सतार टाका, रेल्वेची शिटी टाका, किंवा रडणारें मूल टाका; कण पुरेसे बारीक केले आणि पुरेसे उधळले कीं सर्वांचें मिळून तेंच मंद, चमचमतें, स्वप्नाळू धुकें तयार होतें. हल्लीं चित्रपटांत आणि जाहिरातींत हें धुकें इतकें पसरलें आहे कीं, त्यामागें कोणता डोंगर होता हें विचारण्याची श्रोत्याची संवयच मोडत चालली आहे.

हें केवळ रुचीचें गाऱ्हाणें आहे असें कोणी समजूं नये. त्यास गणिताचा आधार आहे. गाबोरच्याच सिद्धांताप्रमाणें कण जितका लहान, तितकी त्याची कंपसंख्या संदिग्ध. षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला, तर शुद्ध प्रमाणानें कोमल ऋषभ २५६ आंदोलनांचा येतो. दोहोंत अंतर १६ आंदोलनांचें. साधारण नियमानें हा भेद व्यक्त होण्यास सेकंदाचा सोळावा भाग, म्हणजे सुमारें ६० मिलिसेकंद तरी हवेत. दहा मिलिसेकंदांच्या कणांत षड्जाचीं जेमतेम अडीच आंदोलनें मावतात. तो कण एकटा घेतला तर षड्जाचा कीं कोमल ऋषभाचा, याचा निवाडा व्हावयाचा कसा? आणि श्रुतींचा भेद तर याहूनही सूक्ष्म. तीन-चार आंदोलनांचें अंतर सांगावयास सेकंदाचा चौथा किंवा तिसरा हिस्सा लागेल, आणि तेवढा मोठा तुकडा कण या नांवासही पात्र राहत नाहीं. तात्पर्य, ज्या गायनाचा प्राण श्रुतींत आणि मींडेंत आहे, तें बारीक दळून वाटेल तसें उधळलें म्हणजे त्याचा प्राणच आधीं उडून जातो, मागें उरते ती केवळ कांति.

या संबंधांत आमच्या घरांतील एक अनुभव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या दिवंगत आत्याबाईंनीं म्हातारपणीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट आमच्यापाशीं आहे. ध्वनिविद्या शिकणाऱ्या आमच्या पुतण्यानें ती संगणकावर उतरवून घेतली आणि एके दिवशीं मोठ्या हौसेनें आम्हांस ऐकविली. वीस मिलिसेकंदांचे कण करून त्यानें ते चहूंकडे विखुरले होते. नाद खरोखर मोहक झाला होता; घरच्या मंडळींनीं वाहवा केली. तेवढ्यांत भेटीस आलेल्या एका गृहस्थांनीं विचारलें, "हें कोणतें वाद्य?" प्रश्न साधा होता, पण आमच्या जिव्हारीं लागला. उभा जन्म ज्यांनीं घर सांभाळलें, त्यांच्या आवाजाविषयीं 'हें कोण' असें न विचारतां 'हें काय' असें विचारलें गेलें!

पुतण्या समंजस आहे. त्यानें कांहीं न बोलतां कण मोठे केले, विखुरणें जवळजवळ बंद केलें, आणि ओवी आठपट सावकाश चालविली. स्वर मात्र होता तेथेंच ठेवला. आणि आम्हांस असें कांहीं ऐकूं आलें कीं जें ती कॅसेट कितीदां तरी ऐकूनही कधीं ऐकलें नव्हतें. प्रत्येक ओळीच्या आधीं घेतलेला आंखूड श्वास, पडलेल्या दातांमुळें 'स' उच्चारतांना होणारी किंचित् फुंकर, आणि मुलाचें नांव येतांच गळ्याला बसलेली लहानशी अडकण. तो मुलगा लहानपणींच गेला, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. त्यांनीं त्याच्याविषयीं कधीं बोलून दाखविलें नाहीं. तें त्या अडकणीनें सांगितलें. साधन तेंच, ओवी तीच. एकदां त्यानें माणूस पुसून टाकला, आणि एकदां माणसाच्या अगदीं जवळ नेऊन बसविलें.

यावरून आम्हांस या कलेच्या परीक्षणाची एक कसोटी सुचते. कण केवढा करावा हा वरकरणीं यंत्राच्या कळीचा प्रश्न आहे. वास्तविक तो 'मी या ध्वनीचा कोणता अंश राखणें लागतों' असा प्रश्न आहे. 'रिव्हररन'मध्यें कण जन्मतःच अनामिक आहेत. त्यांचें कोणाशीं देणें नाहीं, म्हणून रचनाकार मोकळा आहे. पण याच ट्रूॲक्सनें १९९० सालच्या 'पॅसिफिक' या रचनेंत समुद्राच्या लाटा, बंदरांतील भोंगे असे खरे ध्वनि घेतले, तेव्हां ते इतके ताणूनही त्यांची ओळख जाऊं दिली नाहीं; उलट लाटेच्या आंत शिरण्यास श्रोत्यास अवकाश दिला. त्याची साधना सभोंवारच्या ध्वनिसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या मंडळींत झाली होती, हें येथें दिसून येतें.

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, रंग घोटल्यावर खडकाची आठवण चित्रकारानें कां ठेवावी? आक्षेप वजनदार आहे. परंतु खडकानें आपणहून कांहीं म्हटलेलें नसतें; कंठानें म्हटलेलें असतें. खडकापासून रंग घ्या, कोळशापासून कण घ्या, त्यास आमची ना नाहीं. उच्चारलेल्या शब्दाचें पीठ करावयाचें तर त्यास कारण द्यावें लागेल, आणि 'ऐकावयास बरें वाटतें' हें कारण पुरेसें नाहीं.

शेवटीं, मैफलींत प्रत्यक्ष चालू गाण्यावर जे हे प्रयोग करतात त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करतों. चालू ध्वनि ताणावयाचा तर यंत्र तो आधीं सांठवितें आणि सांठ्यांतून मागून वाचीत जातें. पुढचा क्षण त्यास उपलब्धच नसतो. गति निम्मी केली तर गवयाचे दहा सेकंद होतात तेव्हां यंत्र पांचव्या सेकंदावर असतें, आणि जों जों वेळ जातो तों तों तें अधिकाधिक मागें पडतें. म्हणजे क्षण मोठा करून पाहावयाचा असेल, तर पुढचे कांहीं क्षण हातचे सोडावे लागतात. तेव्हां कोणत्या क्षणासाठीं इतकी किंमत मोजावयाची, हें यंत्र सांगणार नाहीं. तें ज्याच्या कानास कळतें त्याच्या हातीं ही विद्या शोभेल. इतरांच्या हातीं ती धुकें काढील.