सातारचें राज्य : दिलेलें कीं परत केलेलें ?

सातारच्या १८१८ ते १८४८ या तीस वर्षांच्या राज्यासंबंधीं जें लिहिलें गेलें आहे, त्यांत हें राज्य नवें निर्माण झालें कीं जुनेंच पुन्हां उभें राहिलें, या मूळ प्रश्नाला बगल दिलेली आम्हांस वारंवार आढळते. ग्रँट डफ यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार १८२२ पर्यंत स्वतः सातारचा कारभार पाहत होते. तेव्हां या राज्यापुरता त्यांचा शब्द साक्षीदाराचा खरा, पण पक्षकाराचाही आहे. नीळकंठराव कीर्तने यांनीं त्यांच्या ग्रंथाची जी परीक्षा मराठींत आरंभिली, ती या शेवटच्या भागापर्यंत नेणें अवश्य आहे.

प्रश्न निव्वळ शब्दाचा नाहीं. फेब्रुवारी १८१८ मध्यें सातारचा किल्ला घेऊन एल्फिन्स्टनसाहेबांनीं जाहीरनामा काढला, तेव्हां प्रतापसिंह महाराज बाजीरावाच्या छावणींतच होते. अष्टीच्या लढाईनंतर ते इंग्रजांच्या हातीं आले. राजा हातीं नसतां राज्याचें अभिवचन दिलें गेलें, कारण बाजीरावापासून मराठे सरदार फोडण्यास शिवछत्रपतींच्या गादीइतकें दुसरें साधन नव्हतें. १७४९ नंतर ती गादी नामधारी झाली होती हें खरें. तथापि पेशवाईचीं वस्त्रें तेथूनच येत. पुढें १८४८ सालीं शहाजी महाराज वारले आणि डलहौसीसाहेबांनीं तेंच राज्य कंपनीनें निर्माण केलेलें ठरवून दत्तक नामंजूर केला. म्हणजे सरदार वळवितांना गादी जुनी, आणि वारसा देतांना नवी ! वास्तविक २५ सप्टेंबर १८१९ च्या तहांत महाराजांबरोबर त्यांच्या वारसांचाही उल्लेख आहे, आणि मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांनींही राज्य खालसा करण्यास विरोध केला होता.

मेजर वामनदास बसू यांचा १९२२ सालचा ग्रंथ महाराजांची बाजू जोरानें मांडतो, व त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. परंतु त्याच तहान्वयें रेसिडेंटाच्या परवानगीवांचून बाहेरच्या संस्थानांशीं पत्रव्यवहार करण्याची महाराजांस मनाई होती. गोव्याशीं संधान बांधल्याचा आरोप रचलेला होता, असेंच आमचेंही मत आहे. तरी १८३९ च्या पदच्युतीची चर्चा या कलमास चुकवून करितां येत नाहीं. शिवाय अक्कलकोट, औंध, फलटण, जत, भोर येथील जहागीरदारांवर सत्ता कोणाची, यावरून महाराज व मुंबई सरकार यांचें त्यापूर्वींच बिनसलें होतें. ही हकीकत आधीं व आरोपांची मागून आली, तरच १८३९ च्या प्रकरणाचा उलगडा होतो.