‘छोटी सी बात’: संकोचाची सुखात्मिका

बासू चटर्जी दिग्दर्शित ‘छोटी सी बात’ हा हिंदी चित्रपट १९७६ साली प्रदर्शित झाला. आदल्याच वर्षी ‘दीवार’ आणि ‘शोले’ यांनी पराक्रमी नायकाची प्रतिमा प्रेक्षकमनावर ठसवली होती. अशा काळात, रोज बसथांब्यावर दिसणाऱ्या तरुणीशी एक शब्दही बोलू न शकणारा अरुण हा नोकरदार नायक झाला आणि आजवर रसिकप्रिय राहिला. त्याचे रहस्य कथानकात शोधता येत नाही; कारण कथाबीज ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ (१९६०) या ब्रिटिश चित्रपटाचे आहे. बासूदांची स्वतंत्र निर्मिती आहे ती मुंबईच्या दिनक्रमाची.

प्रभा नोकरी करते, म्हणूनच ती त्या रांगेत उभी आहे. शहरी जीवनाने अपरिचित स्त्री-पुरुषांना रोजचे सान्निध्य दिले. मात्र ते व्यक्त करण्याची भाषा दिली नाही. येथे घराण्याचा वा संपत्तीचा अडसर नाही, अडसर नायकाच्या मनात आहे. मनोराज्यातील धीटपणा आणि प्रत्यक्षातील अबोलपणा यांच्या विसंगतीतून विनोद उमलतो. चित्रपटगृहात पडद्यावर धर्मेंद्र-हेमा मालिनी यांचे प्रणयगीत चालू असताना अरुण त्यांच्या जागी स्वतःला आणि प्रभाला पाहतो. लोकप्रिय चित्रपटाने सामान्य माणसाला पुरवलेल्या स्वप्नांवरचे हे सौम्य भाष्य होय. पालेकर यांच्या संयत अभिनयामुळे हा भित्रेपणा हास्यास्पद होऊनही केविलवाणा होत नाही.

उत्तरार्धाविषयी मात्र मतभेदास जागा आहे. खंडाळ्याचे कर्नल (अशोक कुमार) अरुणला युक्त्या शिकवतात आणि प्रेम ही जिंकण्याची स्पर्धा ठरते. प्रतिस्पर्धी नागेशची फजिती हसवते. परंतु या डावपेचांत प्रभाच्या इच्छेचा विचार मागे पडतो. अरुणचे तिच्या मागून जाणेही आजच्या प्रेक्षकाला अस्वस्थ करील. चित्रपट याचे उत्तर अंशतःच देतो. प्रभाला सारे ठाऊक आहे. मैत्रिणीशी बोलताना ती त्यावर हसते आणि अरुणने बोलावे म्हणून वाटही पाहते. विद्या सिन्हा यांच्या नजरेतील जाणते कुतूहल तिला निव्वळ पारितोषिक होऊ देत नाही. तरीही वाट पाहणे तिच्याच वाट्याला येते.

खंडाळ्यातील चातुर्याला अरुणचा विजय साधता आला, चित्रपटाचे दीर्घायुष्य मात्र त्याच्या आधीच्या बसथांब्यावरील शांततेने साधले. ओठांवर येऊन परतलेल्या शब्दाचा अनुभव प्रत्येक पिढीला असतो; प्रेक्षक पुन्हापुन्हा येतो तो तेथेच.