चोरांचा खजिना आणि रिकामे सिंहासन

(ग्रंथपरीक्षण : 'द हीरो ऑफ एजेस', 'मिस्टबॉर्न' त्रयीचा तिसरा खंड, लेखक ब्रँडन सँडरसन, इंग्रजी, प्रथम प्रकाशन २००८)

धर्मविषयक प्रश्न कादंबरीतून मांडणे आपल्याला नवे नाही. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे दुःख व धर्माचा शोध ही दोन्ही एकाच कथेत गुंफली. आज इंदुरात, आमच्या स्नेहलतागंजातही, तरुण मंडळी जाडजूड इंग्रजी अद्भुतकथा आवडीने वाचतात. त्या कथांतून श्रद्धेविषयी त्यांना काय सांगितले जाते, हे पाहणे धर्मशिक्षकाच्या दृष्टीने अगत्याचे आहे. प्रस्तुत ग्रंथाचा शेवट सांगितल्यावाचून ही चर्चा करता येणार नाही, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

या त्रयीची जात तशी ओळखीची आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड ज्यांनी वाचले, अथवा देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'तील ऐयार व तिलिस्म ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना अशक्य वाटणाऱ्या चोरीची गोडी वेगळी सांगावयास नको. २००६ च्या पहिल्या खंडात केल्सिअर नावाचा दरोडेखोर एक टोळी जमवतो. स्वतःला देव म्हणवून घेणाऱ्या सम्राटाची सत्ता उलथावयाची आणि त्याचा 'एटियम' या दुर्मिळ धातूचा साठा लुटावयाचा, असा बेत ठरतो. केल्सिअर मारला जातो, रस्त्यावर वाढलेली व्हिन सम्राटाचा वध करते. खजिना मात्र सापडत नाही. २००७ च्या दुसऱ्या खंडात भविष्यवाणीवर विसंबून व्हिन एका विहिरीतील शक्ती मुक्त करते, आणि जगाला गिळू पाहणारा 'विनाश' तिच्याच हातून मोकळा होतो.

तिसऱ्या खंडात राखेचा पाऊस वाढत जातो, पिके करपतात, आणि टोळीतील उरलेली माणसे सम्राटाने मागे ठेवलेली धान्याची कोठारे शोधीत फिरतात. लेखकाची खरी करामत येथे दिसते. पहिल्या खंडापासून ज्याच्या मागे सारे लागले तो खजिना अखेरीस सापडतो. ज्या खाणींत केल्सिअरने कैद भोगली त्यांच्याच परिसरात तो दडलेला असतो. परंतु आता त्याने विकत घेण्याजोगे जगात काहीच उरलेले नाही. शिवाय तो धातू म्हणजे विनाशाच्या देहाचाच अंश असल्याचे उघड होते. तेव्हा व्हिनचा पती एलेंड आणि त्याचे सैनिक तो साठवीत नाहीत. लढता लढता, प्राण देऊन, तो जाळून संपवतात. चोरीच्या कथेचा शेवट लुटीच्या वाटणीत न होता लुटीच्या त्यागात व्हावा, ही कल्पना आपल्या प्रभूच्या संपत्तीविषयीच्या शिकवणीपासून फार दूर नाही.

दुसरे बलस्थान दुष्टतेच्या चित्रणात आहे. विनाश लिहिलेले शब्द बदलू शकतो; केवळ धातूवर कोरलेले त्याला बदलता येत नाहीत. शरीरात धातू रुतलेल्या माणसांशी तो बोलतो, आणि तेही त्यांच्या प्रिय मृतांच्या आवाजात. स्पूक नावाच्या तरुणाला केल्सिअर आपल्याशी बोलतो असे वाटते व त्या वाणीवर विसंबून तो क्रूर होत जातो. मोह उघड पापाच्या रूपाने येत नाही, आदरणीय आठवणीच्या रूपाने येतो, हे निरीक्षण पाळकीय अनुभवाशी जुळणारे आहे.

या खंडाचे हृदय मात्र सेझेड हा आहे. नष्ट झालेल्या शेकडो धर्मांची माहिती स्मृतीत जपणारा हा ज्ञानी पुरुष टिंडविलच्या मृत्यूने खचतो. तो एकेक धर्म तपासतो, विसंगती दिसताच बाजूला सारतो. अखेर स्वतःच्या लोकांचा लुप्त धर्म हाती येतो, पण तोही त्याचे समाधान करीत नाही. शोकाने श्रद्धा कशी पोखरली जाते याचे इतके संयमी चित्र अद्भुतकथेत विरळाच आढळते.

तथापि या प्रश्नाला लेखकाने दिलेले उत्तर आम्हांस अपुरे वाटते. विनाशाला संपवताना व्हिन मरते. दोन्ही दैवी शक्ती धन्याविना पडतात. सेझेड त्या उचलतो आणि जग पुन्हा घडवतो. त्या वेळी त्या मृत धर्मांतील नकाशे, ताऱ्यांची स्थाने, भूमीचे व फुलांचे रंग त्याच्या कामी येतात. रचना म्हणून हे सुंदर आहे. प्रत्येक धागा जागी बसतो. परंतु सेझेडने विचारले होते, यांपैकी काही सत्य आहे काय? उत्तर मिळते, हे सारे उपयोगी होते. उपयोग म्हणजे सत्य नव्हे. प्रार्थनेतील आर्तता, पापाची जाणीव, क्षमेचा आनंद यांना या हिशेबात स्थान उरत नाही; उरते ती जतन केलेली माहिती.

ईयोबालाही त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले नव्हते. पण त्याला देव भेटला. सेझेडला भेटावयास कोणी नाही. सिंहासन रिकामे आहे, आणि त्यावर तोच बसतो. आपले मित्र जेथे आहेत तेथे सुखी आहेत, असा निरोप तो मागे ठेवतो. दिलासा देणारा आणि दिलासा शोधणारा एकच होऊन जातो. लेखक अंत्यदिनांच्या संतांच्या मंडळीचे आहेत व मानवाच्या देवत्वाकडील वाटचालीचा विचार त्या परंपरेत आहे. परंतु केवळ तेवढ्यावरून ग्रंथाचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. फरक एवढाच नोंदवावा की, शुभवर्तमानात माणूस वर चढून रिकामी जागा भरत नाही. देव खाली उतरतो, आणि वधस्तंभावर चोरांच्या मध्ये टांगला जातो.

तरुणांच्या हातून हे पुस्तक काढून घेऊ नये, असेच आमचे मत आहे. उलट त्यांच्याबरोबर बसून ते वाचावे आणि सेझेडचा प्रश्न त्यांना पुन्हा विचारावा. प्रामाणिक शंका इतक्या आदराने मांडणारा ग्रंथ श्रद्धेचा शत्रू नसतो. त्याचे उत्तर अपुरे पडले, तर ते पुरे करण्याचे काम मंडळीचे आहे.