प्लेगचे वाचन : फॅनन यांचा निबंध आणि पुण्याचे १८९७

फ्रान्झ फॅनन यांच्या अल्जीरियाविषयक ग्रंथात (१९५९) वैद्यक आणि वसाहतवाद यांच्या संबंधांवर एक प्रकरण आहे. आपल्याकडील अभ्यासकांनी त्याचा पूर्वार्ध चांगलाच आत्मसात केला आहे. ब्लिदा येथील मनोरुग्णालयात काम केलेला हा लेखक दाखवून देतो की, जित समाजाच्या लेखी डॉक्टर हा पोलिसाच्याच पंक्तीत बसतो. रुग्ण तुटक उत्तरे देतो, औषध अर्धवट घेतो, पुन्हा फिरकत नाही. डॉक्टर याला अडाणीपणा म्हणतो. वस्तुतः तो नकार राजकीय असतो.

हे विवेचन १८९७ च्या पुण्याला लावण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि ते बरेचसे लागूही पडते. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. चार कलमांच्या त्या कायद्यात सरकारला अधिकार आहेत, आज्ञाभंगाला शिक्षा आहे, अंमलदाराला संरक्षण आहे. रुग्णाला कोणती शुश्रूषा मिळावी याविषयी चकार शब्द नाही. मार्चच्या मध्यास पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरू लागले आणि २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

आपण प्लेग वाचत आलो तो या गोळीच्या दिशेने. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त ही या वाचनाची मध्यवर्ती संहिता. तिच्यातील संताप धर्मावरील आक्रमणाचा आहे, आणि त्या संतापातून सुधारकही सुटलेले नाहीत. बूट घालून देवघरात शिरणारा सोजीर हे चित्र ज्या घरातून रेखाटले गेले, त्या घराला इंग्रजाच्या स्पर्शाइतकाच शेजारच्या वस्तीचा स्पर्शही वर्ज्य होता. (असे म्हणताना सोजिरांच्या वर्तनाचे समर्थन अभिप्रेत नाही, हे अजूनही स्पष्ट करावे लागते, यातच आपल्या चर्चेची कोंडी दिसते.)

याच साथीतील दुसरी हकीकत सावित्रीबाई फुले यांची. डॉक्टर असलेल्या यशवंतरावांनी पुण्याबाहेर ससाणे मळ्यात रुग्णांसाठी सोय केली होती. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तेथे आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तारीख महत्त्वाची आहे. सोजिरांच्या घरझडतीला तेव्हा अजून सुरुवात व्हायची होती. जुलूम आणि प्रतिकार या द्वंद्वावर उभारलेल्या कथनात ही घटना म्हणूनच मावत नाही. ती ‘सेवा’ या सदरात टाकली जाते, जयंतीच्या भाषणांपुरती उरते. वास्तविक आजारी शरीराला कोण हात लावणार, हा वासाहतिक आरोग्यव्यवस्थेने जितका बिकट केला तितकाच जातिव्यवस्थेने आधीच बिकट करून ठेवलेला प्रश्न या कृतीच्या केंद्रस्थानी आहे.

पंडिता रमाबाईंचे लेखनही येथे आठवावे. पुण्याच्या प्लेगछावणीत एका मुलीची जी अवस्था झाली तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये १८९७ सालीच जाहीरपणे लिहिले. त्यांचा आक्षेप रुग्णालयामुळे विटाळ होतो हा नव्हे; रुग्णालयात स्त्री सुरक्षित नाही, हा होता. दोन्ही तक्रारी सरकारविरुद्धच, पण एकीला उपचार दूर हवे आहेत, दुसरीला ते नीट हवे आहेत. समीक्षेने या दोहोंना ‘लोकक्षोभ’ या एकाच शब्दात गुंडाळले.

फॅनन यांची मांडणी येथे अपुरी पडते ती याचसाठी. त्यांच्या निबंधात शासक आणि शासित असे दोनच पक्ष ठळक आहेत. मुंबई-पुण्यात सरकारने जातवार, पंथवार खासगी प्लेग-रुग्णालयांना मुभा दिली. टिळकांनी पुण्यात काढलेले हिंदू प्लेग-रुग्णालय हे धैर्याचे काम होते, यात शंका नाही. तथापि ‘आपले रुग्णालय’ या शब्दप्रयोगातील ‘आपले’ कोण, हे त्या मुभेने प्रत्येक पंथाला स्वतंत्रपणे ठरवू दिले. परकी सत्ता आणि देशी श्रेणीरचना यांची ही तडजोड रुग्णाच्या माथी कशी आली, हे फॅनन यांच्या आधारे सांगता येत नाही. त्यासाठी फुले यांच्याकडेच वळावे लागते.

मात्र त्याच निबंधाचा आपण न वाचलेला उत्तरार्ध मोलाचा आहे. फ्रेंच सत्तेने प्रतिजैविके, धनुर्वाताची लस यांच्या विक्रीवर निर्बंध घातले, तेव्हा क्रांतिकारकांना स्वतःची आरोग्ययंत्रणा उभारावी लागली. काल डॉक्टरला टाळणाऱ्या लोकांनी तिचे नियम आपणहून पाळले. म्हणजे नकार औषधाला नव्हता, औषध ज्या हातून येत होते त्या हाताला होता. १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा वापरला गेला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा आणली, ती योग्यच. रुग्णाच्या हक्काचे कलम मात्र तेव्हाही आले नाही. साथीच्या साहित्याविषयी त्यानंतर आपल्याकडे जे लिहिले-बोलले गेले त्यात काम्यूची ओरान नगरी वारंवार आली. मुंढवा ते ससाणे मळा ही वाट क्वचितच.