गोष्ट नसलेले शहर

रहाटणीच्या रस्त्यावर नव्या इमारतींचे फलक दिसतात. त्यांवर हिरवळ, निळे पाणी आणि हसरे चौकोनी कुटुंब असते. पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणारा कामगार त्या चित्रात नसतो. आमच्या शहराचे चित्र साहित्यिकाआधी बिल्डरने काढले, ही खंत आम्हांस येथे मांडायची आहे.

मुंबईचे असे झाले नाही. शाहीर अमर शेख यांनी कामगाराला आवाज दिला. १९६६ मध्ये नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ आले, १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’. ज्याने कामाठीपुऱ्यात कधी पाऊल टाकले नव्हते, त्या वाचकालाही तेथील माणसांची दखल घ्यावी लागली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या वाचल्या नाहीत हे खरे. पण गिरणी कामगार विस्मरणात गेला नाही.

त्याच १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका स्थापन झाली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज यांच्या मागे मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेशातून माणसे आली. २०१६ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही पिंपरीत भरले. तरीही मराठी वाचकाच्या मनात हे शहर ‘उद्योगनगरी’ या एका शब्दापलीकडे फारसे गेलेले नाही.

याची किंमत फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसली. चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे, लहान कारखाने अशी हजारो बांधकामे महापालिकेने पाडली. ती कायदेशीर होती की नाही, हा कायद्याचा प्रश्न आहे. साहित्याचा प्रश्न निराळा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिक निवडणारी बाई, जोहरची नमाज उरकून पुन्हा कामाला लागणारा मजूर आमच्या कथांतून वाचकाला कितीसे भेटले होते? ज्या वस्तीची गोष्ट कोणी वाचलेली नाही, ती पडताना आपले काही पडले असे कोणाला वाटत नाही.

दोष आमच्याही पदरी आहे. हमीद दलवाई यांनी ‘इंधन’मध्ये कोकणातले गाव धीटपणे उभे केले, त्याला आता साठ वर्षे झाली. आम्ही मुस्लिम मराठी लेखक अजूनही बहुधा गाव आणि जुना मोहल्लाच लिहीत आहोत. आमचीच भावंडे चाकणला तिन्ही पाळ्यांत राबतात, काळेवाडी-रहाटणीत भाड्याच्या खोल्या शोधतात, नाव सांगताच नकार ऐकतात. ते लिहिले गेले पाहिजे. नाहीतर उद्याचा वाचक फलकावरचे शहरच खरे मानील.